कालाकमुल: चुना लावायचा, पण आतून

भिंतीवर एक बाई लापशी वाढते आहे. समोरचा माणूस वाडगं तोंडाला लावून पितो आहे. पलीकडे कोणी मीठ घेऊन बसलंय, कोणी तंबाखू, कोणी मक्याचे दाणे, कोणी मडकी. निळं झिरझिरीत वस्त्र नेसलेली एक बाई दुसरीच्या डोक्यावरच्या मोठ्या भांड्याला हात लावते आहे. यांच्याशेजारी माया लिपीत चक्क पाट्या आहेत: ‘अह उल’, ‘अह अत्साम’, ‘अह माय’. म्हणजे लापशीवाली, मीठवाला, तंबाखूवाला. माया भाषेतला ‘अह’ आपल्या ‘वाला’चंच काम करतो, फक्त तो शब्दाच्या आधी लागतो. माया चित्रकला म्हटली की राजे, देव आणि युद्धकैदी डोळ्यांपुढे येतात. इथे मात्र बाजार भरलाय.

ही चित्रं मेक्सिकोच्या दक्षिण भागात, कांपेचे राज्यातल्या कालाकमुल या प्राचीन माया शहरात २००४ साली उजेडात आली. त्यांचा काळ साधारण इ. स. ६२० ते ७०० असा धरतात. आपल्याकडे बदामीला दुसरा पुलकेशी राज्य करत होता, त्या सुमाराचा. ज्या वास्तूवर ती काढली आहेत ती तीन टप्प्यांची, सुमारे ११ मीटर चौरस पायाची. माया लोक जुनी इमारत पाडून टाकण्याऐवजी तिच्यावरच नवी चढवत. इथे नवी चढवण्याआधी कोणीतरी चित्रांवर मातीचा थर लिंपला होता. त्या लिंपणामुळे तेराशे वर्षं ती अंधारात, एकसारख्या ओलीत आणि एकसारख्या तापमानात राहिली.

अडचण सुरू झाली ती चित्रं सापडल्यावर. खोदकाम करणाऱ्यांना हे नवीन नाही. जमिनीखाली शांत असलेली भिंत उघडी पडली की तिची ओल वाऱ्यावर सुकू लागते. ओलीबरोबर आतले क्षार पृष्ठभागाकडे धाव घेतात आणि तिथे त्यांचे स्फटिक होतात. स्फटिक वाढताना आजूबाजूला ढकलतो, आणि ज्याला ढकलतो तो चुन्याचा थर आधीच अर्धमेला असतो. आपल्या जुन्या घरांत पावसाळ्यानंतर भिंतीला लोणा लागतो, गिलाव्याचे पोपडे निघतात, बोट लावलं की पीठ हाताला येतं. इथे तेच होतं. फरक एवढाच की इथल्या पिठात सातव्या शतकातली निळाई मिसळलेली.

कालाकमुलचं सगळं बांधकामच चुन्याचं. खालचा डोंगर चुनखडकाचा, चिरे चुनखडकाचे, त्यांना जोडणारा मसाला चुन्याचा, वरचा गिलावा चुन्याचा आणि रंगांखालची तकतकीत भूमीही चुन्याची. माया कारागीर चुन्यात झाडांच्या सालींचा अर्क घालत. गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालणाऱ्या आपल्या गवंड्यांना त्यात काही परकं वाटलं नसतं. तेव्हा दगड आणि गिलावा या इथे दोन गोष्टी नव्हेतच. रसायनाच्या भाषेत दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. एक समुद्रतळाशी लाखो वर्षांत जमलेला, दुसरा भट्टीतून जाऊन परत तोच झालेला. दोघांचं दुखणंही एकच: कणाला कण धरून ठेवणारी बारीक जोडणी विरघळून किंवा तुटून जाते. कण जागेवर असतात, त्यांना बांधणारं काही उरत नाही. दगड भुसभुशीत होतो म्हणजे नेमकं हेच होतं.

मग धरून ठेवायचं कशाने?

विसाव्या शतकाच्या मध्यापासून याचं सगळ्यांना पटलेलं उत्तर होतं कृत्रिम राळ. अ‍ॅक्रिलिक किंवा व्हायनिल जातीचं पॉलिमर द्रावकात विरघळवायचं, भिंतीवर सोडायचं, सुकलं की कण चिकटून बसतात. पॅरालॉइड, मोव्हिलिथ ही नावं संवर्धकांच्या कपाटात फेव्हिकॉलइतकी रुळलेली. मेक्सिकोतल्या अनेक पुरातन स्थळांवर ती सढळ हाताने वापरली गेली. पहिली काही वर्षं चित्रं छान दिसली, रंग ओले केल्यासारखे उठून आले. पुढे घात झाला. पॉलिमरचा थर भिंतीची छिद्रं बुजवतो. आतली ओल थांबत नाही, तिला बाहेर पडायला वाट मात्र राहत नाही. क्षारांचे स्फटिक पृष्ठभागावर येण्याऐवजी त्या थराच्या मागे साचतात आणि एक दिवस थर, रंग आणि खालचा गिलावा असं सगळं मिळून पापुद्र्यासारखं सुटतं. उपाय केलेल्या भिंती उपाय न केलेल्यांपेक्षा लवकर बिघडल्या. हे युकातानमधल्या मायापानमध्ये आणि मध्य मेक्सिकोतल्या चोलुलामध्ये पाहिलेलं आहे.

मराठी वाचकाला इथे अजिंठा आठवायला हरकत नाही. १९२० नंतरच्या दोनेक वर्षांत निजामाच्या निमंत्रणावरून आलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी सुटत चाललेली चित्रं जागेवर बसवली. ते काम नावाजण्यासारखं होतं, पण त्यांनी वरून लाखेचं व्हार्निश दिलं. ते पिवळं-तपकिरी पडत गेलं आणि पुढच्या पिढ्यांचा बराच वेळ ते काढण्यात गेला. आपण वरून घातलेला पदार्थ भिंतीच्या जातीचा नसेल, तर तो भिंतीबरोबर म्हातारा होत नाही. तो आपल्या चालीने म्हातारा होतो.

कालाकमुलच्या मदतीला आलेले लोकही इटालियनच होते. १९९३ पासून तिथे रामोन कार्रास्को यांच्या नेतृत्वाखाली मेक्सिकोच्या राष्ट्रीय मानवशास्त्र आणि इतिहास संस्थेचा उत्खनन प्रकल्प चालू होता. त्यात फ्लॉरेन्स विद्यापीठाशी जोडलेल्या सीएसजीआय या संशोधनसंघाचे पिएरो बाल्योनी, रोदोरिको जोर्जी आणि त्यांचे सहकारी सामील झाले. भित्तिचित्रं आणि चुनखडक या दोन्हींना बळकटी देणारे नॅनोकण तयार करायचे आणि जागेवर वापरायचे, हा त्यांच्या कामाचा भाग होता.

या मंडळींच्या विचाराचं मूळ एका पुरात आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदी फ्लॉरेन्समध्ये शिरली. पाणी ओसरल्यावर भित्तिचित्रांमध्ये सल्फेटचे क्षार भरले. चुन्याचं जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, होऊ लागलं आणि चित्रं फुगून पिठासारखी गळू लागली. रसायनशास्त्रज्ञ एन्झो फेर्रोनी आणि संवर्धक दिनो दिनी यांनी दोन पायऱ्यांचा उपाय बसवला. आधी अमोनियम कार्बोनेटचा लेप देऊन जिप्समचं परत कॅल्शियम कार्बोनेट करायचं. मग बेरियम हायड्रॉक्साइडचा लेप, म्हणजे उरलेलं सल्फेट बेरियमशी बांधलं जाऊन पाण्यात न विरघळणारं, निरुपद्रवी बनतं. फ्रा आंजेलिकोची सान मार्को मठातली चित्रंही याच रीतीने हाताळली गेली. यात गोंद नाही, राळ नाही. भिंतीच्या दुखण्याला भिंतीच्याच रसायनाने उत्तर. बाल्योनी हे याच फेर्रोनींच्या परंपरेतले.

पण मग सरळ चुनाच का नाही द्यायचा? हा प्रश्न कुठलाही गवंडी विचारेल, आणि बरोबर विचारेल. चुन्याची निवळी भिंतीत मुरवायची, हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून तिचा परत दगड होईल. युरोपात हे केलंही गेलं. इंग्लंडमधल्या वेल्स कॅथीड्रलच्या पश्चिम दर्शनी भागावरचे मध्ययुगीन पुतळे १९७०-८० च्या दशकांत असेच निवळीने भिजवले, एकेक पुतळा चाळीसेक वेळा. काम करणाऱ्यांची श्रद्धा दांडगी होती. पण १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत आढळलं, की दगडाच्या खोल भागात भक्कमपणा आल्याचा पुरावा फारसा नाही. चुना पृष्ठभागाजवळच थांबत होता.

कारण साध्या हिशेबात आहे. एक लिटर पाण्यात चुना विरघळतो सुमारे १.७ ग्रॅम. त्याचं सगळं कार्बोनेट झालं तरी दगडाला मिळणार २.३ ग्रॅम. म्हणजे २५ ग्रॅम चुना आत पोचवायचा तर पंधरा लिटर पाणी ओतायला हवं. क्षारांनी भरलेल्या भिंतीत पंधरा लिटर पाणी म्हणजे रोग्याला त्याचाच रोग पाजण्यासारखं. बरं, निवळीऐवजी विरवलेला दाट चुना लावावा तर त्याचे कण दगडाच्या बारीक छिद्रांना मोठे पडतात. ते दारातच अडकतात आणि वर पांढरी साय धरते.

नॅनोचुना हे या कोंडीवरचं उत्तर. चुना तोच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. फक्त कण ५० ते २५० नॅनोमीटरचे, षटकोनी चकत्यांसारखे. माणसाचा केस ८० मायक्रोमीटर जाड धरला आणि कण २०० नॅनोमीटरचा, तर केसाच्या जाडीत असे चारशे कण शेजारी शेजारी बसतील. हे कण पाण्यात सोडले तर एकमेकांना चिकटून गोळे होतात, म्हणून ते अल्कोहोलमध्ये तरंगत ठेवतात: इथेनॉल, आयसोप्रोपॅनॉल किंवा प्रोपॅनॉल. इथे चुना विरघळलेला नसतो, तरंगत असतो. त्यामुळे १.७ ग्रॅमची मर्यादा सुटते. एका लिटरमध्ये ५ ग्रॅम घ्या, २५ घ्या, ५० सुद्धा घेता येतो. अल्कोहोल उडून जातं, भिंत भिजत नाही, कण आत राहतात. फ्लॉरेन्सच्या गटाने अल्कोहोलमधल्या चुन्याची रीत २००० साली मांडली. त्यांची सुरुवातीची चाचणी फ्लॉरेन्सच्याच कॅथीड्रलमधल्या सांती दी तितोच्या भित्तिचित्रांवर झाली होती.

कालाकमुलमध्ये हे जसंच्या तसं चाललं नाही. हे प्रकरण मला उद्बोधक वाटतं ते त्याचसाठी. तिथल्या भिंतींत सल्फेट होतं. सल्फेट असलेल्या भिंतीत नुसता चुना घातला तर त्यातला काही कार्बोनेट होण्याआधीच सल्फेटशी जुळतो आणि जिप्सम बनतो, म्हणजे औषध पुन्हा रोगाच्याच बाजूला. मग फेर्रोनींचा बेरियम परत आला, पण नॅनो रूपात. कॅल्शियम आणि बेरियम या दोन्हींच्या हायड्रॉक्साइडचे बारीक कण एकत्र वापरले. बेरियम सल्फेटला पकडून अडकवतो, कॅल्शियमला आपलं काम करायला मोकळीक मिळते. जोर्जी, बाल्योनी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या मिश्रणाचं काम प्रसिद्ध केलं, त्यात कालाकमुलचा अनुभव आहे. बेरियमची विरघळणारी संयुगं विषारी असतात, तेव्हा हे काम हातमोजे घालून, तोंड-नाक झाकून करायचं. भिंतीत बसलेलं बेरियम सल्फेट मात्र इतकं निर्धोक, की डॉक्टर पोटाच्या एक्स-रेआधी तेच पाजतात.

लावण्याची रीत दिसायला अगदी साधी. सुटत्या रंगावर थेट कुंचला फिरवला तर रंगच कुंचल्याला येईल, म्हणून मध्ये जपानी कागद. पातळ पण चिवट असा हा कागद चित्रावर ठेवायचा आणि त्यावरून कुंचल्याने द्रव सोडायचा. भिंत पिते तितकंच. नंतर वर पाण्याने भिजवलेल्या कागदी लगद्याचा लेप ठेवायचा. हा लेप दोन कामं करतो: द्रावक घाईने उडू देत नाही, आणि आतल्या चुन्याला कार्बोनेट व्हायला लागणारी ओल पुरवतो. चुना कोरड्या हवेत पकडत नाही, हे आपल्याकडे ताज्या गिलाव्यावर पाणी मारणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नॅनोचुन्यालाही तोच नियम. हवा दमट असेल तर कणांचं कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं टिकाऊ रूप, नीट होतं. कोरडी असेल तर काम रेंगाळतं, आणि व्हॅटेराइटसारखी कमी टिकाऊ रूपंही तयार होतात.

आणि दमटपणाचा तर कालाकमुलमध्ये दुष्काळ नाही. सव्वासात लाख हेक्टरांच्या राखीव अरण्याच्या पोटात हे शहर आहे. सायरस लंडेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला १९३१ च्या डिसेंबरात विमानातून झाडांवर डोकावणारे दोन उंचवटे दिसले, तोवर बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता. लंडेल च्युइंगगमसाठी चीक गोळा करणाऱ्या कंपनीच्या कामावर होता. ‘शेजारी शेजारी असलेल्या दोन टेकड्यांचं गाव’ अशा अर्थाचं नावही त्यानेच दिलं. ज्या ओलीने दगड खाल्ला तीच ओल औषधाला पचवते, हा तिथला विनोद आहे.

परिणाम काय झाला? हाताला येणारं पीठ थांबलं, रंगाचा थर आणि खालची भूमी परत एकमेकांना धरून राहिली, आणि भिंतीचा श्वास चालू राहिला. छिद्रं बुजली नाहीत, कारण आत गेलेला चुना छिद्रांच्या कडांना आतून अस्तर लावल्यासारखा पसरतो, बूच मारत नाही. पुढे कोणाला पुन्हा उपचार करावासा वाटला तर वाट मोकळी आहे. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोठी गोष्ट ही शेवटची. पॉलिमरने नेमकं तेच दार बंद केलं होतं.

आता दुसरी बाजू, कारण ‘नॅनो’ शब्द लागला की आपल्याकडे रंगाच्या डब्यापासून टूथपेस्टपर्यंत सगळं जादूचं होतं. कण लहान केले म्हणजे ते खोल जातात, हे अर्धंच खरं. जातात, पण परतही येतात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रज्ञान विद्यापीठात मास्ट्रिश्ट चुनखडकावर हे बारकाईने पाहिलं गेलं. त्या दगडाचा जवळजवळ अर्धा भाग नुसती पोकळी. इथेनॉलमधला नॅनोचुना त्यात झर्रकन खोल शिरला. पण इथेनॉल लवकर उडणारं, ते पृष्ठभागाकडे येऊन उडू लागलं आणि कणांनाही सोबत ओढून घेऊन आलं. शेवटी चुना साचला तो पुन्हा वरच. म्हणजे वेल्सच्या निवळीची गत, फक्त महागात. यावर त्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो: इथेनॉलमध्ये पाच टक्के पाणी. पाण्याने कण अस्थिर होतात, हा दोष मानला जात होता. त्यांनी तोच कामाला लावला. आत पोचेपर्यंत कण तरंगतात, मग गोळे होऊन जागीच बसतात, परतीच्या प्रवाहात वाहून येत नाहीत. पण हे प्रमाण मोठ्या छिद्रांच्या दगडाचं. बारीक छिद्रांच्या दगडाला वेगळं द्रावक लागतं. प्रत्येक दगडाचं गणित वेगळं, आणि ते आधी त्याच दगडाच्या तुकड्यावर सोडवल्याशिवाय मूळ भिंतीजवळ जायचं नाही.

यातून आपल्याकडच्या दगडांबद्दल निघणारं अनुमान थोडं निराश करणारं आहे. महाराष्ट्राचा काळा बसाल्ट चुन्याचा नाही. त्याला नॅनोचुना दिला तर तो छिद्रांत बसेल, पण दगडाशी नातं जुळणार नाही. सिलिकेटच्या दगडांसाठी इथाइल सिलिकेट किंवा नॅनोसिलिका असा वेगळा वंश आहे. गोव्याचा जांभा म्हणजे लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या भिंतींवरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला गेला, तेव्हापासून उघडा जांभा पाऊस सोसतो आहे. तिथे नॅनोकणांआधी गिलाव्याचा प्रश्न येतो. अजिंठ्याचा मूळ थर मातीचा. नॅनोचुन्याशी थेट गोत्र जुळतं ते मुंबईतल्या वसाहतकालीन इमारतींत वापरलेल्या पोरबंदरच्या दगडाचं, कारण तो चुनखडकच आहे, शिंपल्यांच्या चुऱ्यापासून आणि वाळूच्या गोल कणांपासून बनलेला. त्यातही समुद्राकडून येणारं मीठ आणि रस्त्यावरून येणारं गंधक दोन्ही आहेत, तेव्हा कालाकमुलचा बेरियमचा धडा तिथे आधी वाचायला हवा.

आणखी एक मर्यादा आहे, ती कालाकमुलमध्येच उभी आहे. नॅनोचुना कणांमधली सूक्ष्म फट भरतो. पापुद्रा सुटून मागे बोटभर पोकळी झाली असेल तर ती भरायला चुन्याचा पातळ मसालाच सोडावा लागतो. आणि जे गेलं ते कशानेच येत नाही. या शहरात शंभराहून अधिक शिलास्तंभ आहेत. माया जगात इतके क्वचितच कुठे. तिथल्या राजांनी त्यांवर आपले पराक्रम, जन्मतिथी, विजय कोरून घेतले, पण कोरले ते स्थानिक मऊ चुनखडकावर. उघड्यावर उभ्या राहिलेल्या या दगडांवरची अक्षरं पावसाने इतकी धुतली, की बहुतेकांवर आज एखाद्या खांद्याची, मुकुटाची कड तेवढी ओळखू येते. तिथल्या सर्पवंशाच्या राजांचा इतिहास जुळवताना अभ्यासकांना त्यांच्या मांडलिकांच्या आणि शत्रूंच्या गावचे शिलालेख वाचावे लागले. स्थानिक दगडांत ठसठशीत अपवाद आहे नववा स्तंभ. तो इ. स. ६६२ चा, काळ्या पाटीच्या दगडाचा. त्यावर यिचाक काक या राजाच्या जन्माची नोंद अजून वाचता येते. बाकीच्या स्तंभांजवळ कुंचला आणि जपानी कागद घेऊन जाता येईल, दगडाचा उरलेला गाभा आणखी झिजण्यापासून धरूनही ठेवता येईल. पण अक्षरांचं पीठ केव्हाच जंगलाच्या मातीत गेलं आहे.